वाचून समजावून सांगितले

मुन्शीजींसमोर ‘समजलं’ म्हणायची चोरी होती.

साकोलीच्या कचेरीबाहेर टिनाच्या शेडखाली त्यांचं उतरतं डेस्क असे. समोर उकिडवा बसलेला माणूस कागद वाचून झाला की मान हलवून म्हणे, “हाव जी, समजलं.” त्याबरोबर मुन्शीजी अंगठ्याच्या शाईचं पॅड आपल्या मांडीखाली सरकवीत.

“समजलं म्हनू नोको. काय समजलं ते सांग.”

मग तो माणूस अडखळत, डोकं खाजवत सांगू लागे. सांगताना चुकला तर मुन्शीजी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत. मागे ताटकळलेले लोक कुरकुरत. वकिलांचे निरोप येत. कचेरी बंद व्हायची वेळ होई. पण समोरच्याच्या तोंडून कागदातली गोष्ट त्याच्या स्वतःच्या शब्दांत बाहेर पडल्याशिवाय ते पॅड काही मांडीखालून निघत नसे. ते निघालं की अंगठा उठे आणि त्याखाली मुन्शीजी आपल्या बारीक, उभ्या अक्षरात एक ओळ लिहीत: ‘सदर मजकूर पक्षकारास मराठीतून वाचून समजावून सांगितला व त्याने तो कबूल केला.’ मग सही. दयाराम डोंगरवार, अर्जनवीस.

अर्जनवीस म्हणजे लोकांचे अर्ज, वाटणीपत्रं, कोर्टाचे कागद लिहून देणारा परवानाधारक माणूस. असे आणखी तिघे त्या शेडखाली बसत. ते पटापट कागद उरकीत आणि लवकर घरी जात. तरीसुद्धा चाळीस-चाळीस गावांचे लोक मुन्शीजींपुढेच रांग लावत. त्या ओळीखाली त्यांची सही असली की कोर्टातले साहेबही पक्षकाराला फारसं काही विचारत नसत. या सहीची किंमत किती मोठी आहे हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. ज्यांना कळायला हवं होतं त्यांना मात्र ते चांगलंच कळलं होतं.

मी त्या शेडखाली आले ती बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास. माझे यजमान प्राथमिक शाळेत मास्तर होते. मी भंडाऱ्याला मराठी आणि इंग्रजी टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या, म्हणून एक जुनं मशीन घेऊन मी कचेरीबाहेर बसू लागले. बाई मशीन बडवते हे पाहायला पहिले काही दिवस माणसं गोळा होत. मुन्शीजींनी पहिल्याच दिवशी काही न बोलता आपलं डेस्क उचललं, बाहेरच्या बाजूला मांडलं आणि मला भिंतीकडची जागा मोकळी करून दिली. त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

आठव्या दिवशी त्यांनी एक कागद टाइप करायला दिला. मी तो भराभर करून दिला. त्यांनी चष्मा लावला. चष्म्याची एक काडी तुटून तिथे दोरा बांधलेला होता, तो ते कानाभोवती गुंडाळीत. वाचता वाचता एका जागी त्यांचं बोट थांबलं.

“इथं ‘किंवा’ होतं. तू ‘व’ मारला.”

“एकच तर अक्षर आहे, बाबूजी.”

“‘व’ अना ‘किंवा’च्या मधात एका मानसाचं वावर जाते, कमलबाई. पुन्हा कर.”

मी तो कागद पुन्हा केला. पुढची दहा-बारा वर्षं असे कितीतरी कागद मी पुन्हा केले.

मुन्शीजी अंगानं काटकुळे होते. काळी टोपी, धोतर, खिशात दोन टाक. लिहिता लिहिता निब अडली की ते टोपी किंचित वर करून निब उजव्या कानामागच्या केसांत पुसत. त्यामुळे तेवढे केस कायम निळसर दिसत. बायको त्यावरून बोलते म्हणून सणावाराला ते शिकेकाईनं डोकं धुऊन येत आणि दुपारपर्यंत कान परत निळा होई. पक्षकारानं आणलेला चहा कागद पुरा होईपर्यंत ते घेत नसत. “आता पेलो तं तुझ्याकडून लिहीन,” म्हणत. काम झालं की तोच गार झालेला चहा बशीत ओतून आवाज करत पीत.

त्यांच्याकडे एक इंग्रजी शब्दकोश होता. बदलून गेलेल्या कुण्या जुन्या साहेबांनी जाताना दिलेला. पुठ्ठा गेलेला, पानं पिवळी. मुन्शीजी मॅट्रिकपर्यंत शिकलेले. त्यांना इंग्रजी बोलता येत नसे. वकिलांनी इंग्रजीत दोन वाक्यं टाकली तर ते गोंधळून जात. पण एकेक शब्द वेगळा काढून दिला की त्याला ते अशा प्रेमानं न्याहाळत की पाहत राहावं. कोर्टाचा कुठलाही नवा शब्द आला की विचारत, “याचं गाव कोनतं?” म्हणजे हा मूळचा कुठला, कुठून कुठून फिरत इथवर आला. दुपारी गर्दी ओसरली की माझ्या मशीनवर शब्दकोश ठेवून म्हणत, “वाच.” मी वाचायची, आम्ही दोघं मिळून अर्थ लावायचो. माझं इंग्रजी जे काही झालं ते असं झालं. हे मला पुढे सांगायचं आहे म्हणून इथेच नोंदवून ठेवते.

‘कॉम्प्रोमाइज’ या शब्दाचं गाव आम्ही शोधलं ते दोन भावांच्या भांडणामुळे.

एका मोहाच्या झाडावरून दोघांनी चार वर्षं कोर्ट चालवलं होतं. अखेर थकले आणि ‘कंप्रमाइज’ करायला आले. झाड थोरल्याच्या वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, म्हणून झाड त्याचं, असं ठरलं होतं. मुन्शीजींनी लिहिलं, वाचलं आणि धाकट्याला सांगायला लावलं. तो सांगू लागला, “झाड दादाचं. अना फुलं वेचाले माही बायको जाईन, जशी नेहमी जाते तशी.”

थोरला उसळला. “फुलं कोनं म्हटलं?”

“मंग नुसत्या झाडाले काय चाटू?”

पुन्हा हातघाईवर आले. मागचे लोक हसू लागले. मुन्शीजी हसले नाहीत. त्यांनी लिहिलेला कागद फाडला, दोघांना समोरासमोर बसवलं आणि म्हणाले, “आता कागदाले इसरा. एकमेकाले सांगा.” दोन तासांनी फुलं निम्मी-निम्मी झाली. जाताना दोघं एकाच सायकलवर गेले.

त्या दुपारी त्यांनी शब्दकोश माझ्यापुढे ठेवला. आम्ही ‘कॉम्प्रोमाइज’ काढला. लॅटिन भाषेतून आलेला शब्द. ‘कॉम’ म्हणजे सोबत आणि पुढचं ‘प्रॉमिस’ म्हणजे वचन. भांडणारे दोघं तिसऱ्या माणसासमोर उभे राहून सोबत वचन देत, की तू जो निवाडा देशील तो आम्ही पाळू.

मुन्शीजी एकदम खुलले. “पाय बरं! कोनी हारलं नाही, कोनी सोडलं नाही. दोघंही वचनात बांधले. किती चोखा शब्द!”

मग मी पुढचे अर्थ वाचले. दोघांनी थोडं थोडं सोडणं. त्याच्याही पुढचा अर्थ: धोक्यात घालणं, उघडं पाडणं. आणि शेवटी, आपल्या तत्त्वाला धक्का लावून घेणं. अशा माणसाला म्हणायचं ‘कॉम्प्रोमाइज्ड’.

त्यांनी शब्दकोश आपल्याकडे ओढून घेतला. “असं कसं झालं? एवढा चोखा शब्द, अना कुठं जाऊन पडला.”

“काय माहीत, बाबूजी.”

त्यांनी निब केसांत पुसली. “मले वाटते, पहिले मानूस दुसऱ्यासोबत वचन करे. मंग तो आपल्या आपल्यासोबतच कराले लागला. तिथं तिसरा कोनी पाहाले नसते ना.”

हा त्यांचा स्वतःचा अंदाज. शब्दकोशात असं काही नव्हतं.

माणूस भित्रा होता की धीट, असं मला कुणी विचारलं तर आणीबाणीतली एक गोष्ट मी सांगते. त्या काळात एकदा कचेरीसमोर जीप थांबली. तीतून गावाकडची सात-आठ माणसं उतरली. चेहरे पांढरे पडलेले. सोबत एक अधिकारी होता. त्यानं मुन्शीजींसमोर छापील कागद ठेवले. ही माणसं नसबंदीच्या ऑपरेशनला स्वखुशीनं तयार आहेत, अंगठे घ्या आणि खाली तुमची ती ओळ लिहा.

मुन्शीजींनी पहिल्या माणसाला विचारलं, “काय आहे ह्या कागदात? सांग.”

तो माणूस जीपकडे पाहू लागला.

अधिकारी खेकसला, “हे विचारायचं तुम्हांला कुणी सांगितलं?”

“खाली लिवाचं आहे ना जी, समजावून सांगतलं म्हून. मंग इचारा लागते.”

“परवाना कुणी दिला तुम्हांला? उद्या इथं बसायचं आहे ना? आत जायचं आहे का?”

शेडमधले बाकीचे तिघे अर्जनवीस हळूच उठून पानठेल्याकडे गेले होते. मुन्शीजींचा आवाज कापत होता. पण त्यांनी पॅड मांडीखाली घेतलं आणि वर दाबून बसले. “स्वखुशीनं हा शब्द मले नाही लिवता येत, साहेब. तुमी लिवा. सही तुमची करा.”

अधिकाऱ्यानं कागद उचलले. जीप निघून गेली. त्या माणसांचं पुढे काय झालं ते आम्हांला कळलं नाही. महिनाभर मुन्शीजी रोज सकाळी येताना घरी निरोप सांगून येत, की आलो नाही तर अमक्याला कळवा. पण त्यांना न्यायला कुणी आलं नाही.

असा माणूस. म्हणून पाच-सहा वर्षांनी जे घडलं ते मला आजही नीट पेलत नाही. धमकावून ते मोडले नव्हते. मोडले ते गोड बोलण्यानं.

आमच्या तालुक्यातलं एक गाव. नाव मुद्दाम सांगत नाही. तिथे मोठा तलाव. तलावाच्या पाळीत गावाचं जुनं तुडूम, म्हणजे खालच्या धानाच्या बांध्यांना पाणी सोडायचं दार. गावच्या जुन्या मालगुजार घराण्यातले बळवंतराव यांनी आपल्या वावराकडे नवं दार काढलं आणि गावाचं तुडूम बुजवून टाकलं. गावानं दावा लावला; वकील परवडत नव्हता, कागद मुन्शीजींनीच लिहून दिले. गावातर्फे पाच जण उभे होते. त्यांत एकच बाई होती, सगुणाबाई. साठीची, अंगठाबहाद्दर, आवाज असा की पाळीवरून हाक मारली तर धानाच्या रोवणीतल्या बाया मान वर करत. दावा चार वर्षं चालला आणि गावाच्या बाजूनं झुकू लागला. तेव्हा बळवंतरावांकडून निरोप आला, की आपण कॉम्प्रोमाइज करू.

एके दिवशी बळवंतराव स्वतः शेडखाली आले. मुन्शीजी गडबडून उठले. बळवंतरावांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि माझ्या बाजूचं स्टूल ओढून घेतलं.

“मुन्शीजी, तुमची शकुन फार छान शिकवते हो. मुलं तिच्यावर जीव टाकतात.”

शकुन ही मुन्शीजींची एकुलती मुलगी. बळवंतराव अध्यक्ष असलेल्या संस्थेच्या शाळेत ती तीन वर्षांपासून तात्पुरत्या जागेवर होती. दरवर्षी उन्हाळ्यात तिला कमी करत आणि जूनमध्ये परत घेतील की नाही या काळजीत ते घर उन्हाळा काढी.

“यंदा तिला कायम करायचं मी मनावर घेतलंय. तुमच्यासारख्या माणसाची मुलगी. आणखी काय पाहायचं?”

“किरपा आहे जी तुमची,” मुन्शीजी म्हणाले.

बळवंतरावांनी दोघांसाठी चहा मागवला. आला तो मुन्शीजींनी घेतला. गरम होता तेव्हाच घेतला. उठता उठता बळवंतराव सहज म्हणाले, “उद्या वकीलसाहेब तडजोडीचा कागद आणतील. तुमची सही असली की लोकांना बरं वाटतं.”

बळवंतरावांच्या वकिलांनी इंग्रजी मसुदा टाइप करायला माझ्याकडेच दिला. त्यात एक शब्द होता, ‘रिलिंक्विश’. सोडून देणं, पुन्हा न मागण्यासाठी सोडून देणं. हा शब्द मी आणि मुन्शीजींनी एका दुपारी शब्दकोशातून काढलेला होता. त्याच्यापुढे होतं: कायमचं. गाव तुडुमावरचा आपला हक्क स्वतःसाठी आणि वारसांसाठी कायमचा सोडून देत आहे. मालकाच्या मर्जीनुसार पाणी मिळेल. मी तो शब्द टाइप केला, कार्बन नीट लावून, चार प्रतींत. मुन्शीजी शेजारी बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या वकिलांकडून माझं अर्धंअधिक काम येई. मी कागद काढून दिले.

दुपारी पाच जण आले. वकील मुन्शीजींच्या मागे उभे राहिले. मुन्शीजी भराभर बोलू लागले, “दोन्ही बाजू राजीखुशीनं वाद मिटवून राहिल्या. दावा काढून घेतला. गावाले पानी मिळत राहील. कोर्ट-कचेरी बंद.” आणि त्यांनी पॅड पुढे केलं.

मांडीखाली सरकवलं नाही. पुढे केलं.

सगुणाबाई थांबली. “मुन्शीजी, मी सांगू का, काय समजलं तं?”

“राहू दे, सगुणाबाई. वकीलसाहेब उभे आहेत.”

तिनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग हसली. “तुमी वाचलं ना? मंग झालं.” आणि तिनं अंगठा उठवला. तिच्यामागे चौघांनी उठवला. मुन्शीजींनी खाली ती ओळ लिहिली. सही केली. निब पुसायला टोपी वर केली आणि तशीच धरून राहिले.

त्या दिवशी त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. घरीही गेले नाहीत. डेस्कवर हात ठेवून नुसते बसून राहिले. मला वाटत होतं काही बोलावं. मी मशीनवर झाकण घातलं आणि “येते, बाबूजी,” एवढंच म्हणून निघाले.

दुसऱ्या दिवशी अकराला कोर्टात पुकारा झाला. कागदाची जादा प्रत घेऊन यायला वकिलांनी मला सांगितलं होतं म्हणून मी दाराशी उभी होते. साहेब तरुण होते, नवीन बदलून आलेले. त्यांनी कागद चाळला, तळाची सही पाहिली आणि सगुणाबाईला विचारलं, “मजकूर समजला का, बाई?”

“हाव साहेब. मुन्शीजीनं वाचला.”

साहेबांनी पेन उघडलं.

“हुजूर, थांबा.”

मुन्शीजी माझ्या बाजूनंच आत शिरले. टोपी हातात होती. कोर्टात कुणी टोपी काढत नसे, त्यांना भान नव्हतं. चपराशानं त्यांचा दंड धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही, तसेच ओढत पुढे गेले.

“खालची वळ खोटी आहे, हुजूर. मीच लिवली. मी वाचलं, पन समजावलं नाही. अर्धं तं वाचलंच नाही.”

वकील उठले. “साहेब, या माणसाला इथं बोलायचा काही अधिकार नाही.”

साहेबांनी हातानं त्यांना थांबवलं. मुन्शीजींना म्हणाले, “तुम्ही काय म्हणताय ते कळतंय का? अशी ओळ खोटी लिहिणं हा गुन्हा आहे.”

“कळते जी.”

“कुणी लिहायला सांगितलं?”

बळवंतराव पहिल्या बाकावर बसले होते. मुन्शीजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. “लिवनारा मी आहे, हुजूर. हात माहा होता.”

साहेबांनी कागद पुढे सरकवला. “मग आता समजावून सांगा. माझ्यासमोर.”

मुन्शीजींनी चष्म्याचा दोरा कानाला गुंडाळायला चार वेळा प्रयत्न केला. मग तसाच हातानं चष्मा धरून त्यांनी वाचलं. ओळ वाचायची, मराठीत सांगायची. ‘रिलिंक्विश’ आला. खाकरून त्यांनी तोही सांगितला. शेवटी वळून म्हणाले, “सगुणाबाई, काय समजलं ते सांग.”

ती कठड्याला धरून उभी होती. “म्हंजे आमचं तुडूम आमचं नाही. मालक देईन तं पानी भेटन, नाही देईन तं नाही. पोरायच्या पोरायलेही नाही.” मग साहेबांकडे वळून, “असं आहे का जी ह्याच्यात?”

“तसंच आहे,” साहेब म्हणाले.

“मंग आमाले हे नोको.”

वकील म्हणाले, मुन्शीला इंग्रजी कुठं येतं, त्यानं चुकीचा अर्थ लावला असेल. नाहीतर टाइप करताना घोटाळा झाला असेल. साहेबांनी विचारलं, “टाइप कुणी केलं?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडण्याआधी मुन्शीजी बोलले.

“त्या बाईले अक्षरं येतात, हुजूर. अर्थ येत नाही.”

साहेबांनी मान हलवली आणि पुढे लिहू लागले.

मला अर्थ येत होता. मुन्शीजींना तो माहीत होता. त्यांनीच तर शिकवला होता. खोट्याची कबुली द्यायला आलेल्या माणसानं त्याच कठड्यापाशी माझ्यासाठी दुसरं खोटं सांगितलं. आणि मी गप्प राहिले.

बाहेर पायरीवर सगुणाबाईनं त्यांना गाठलं. मला वाटलं पाया पडेल. ती पाया पडली नाही.

“आमी तुमाले पाहून अंगठा देला जी. कागदाले पाहून नाही.”

मुन्शीजी उभे राहिले.

“अना आज सकाळी तुमाले नाही वाटलं असतं तं?”

ती चौघांना घेऊन निघून गेली.

तडजोड नोंदवली गेली नाही. साहेबांनी मुन्शीजींवर खटला भरला नाही, पण परवाना रद्द करण्यासाठी लिहिलं आणि तो रद्द झाला. वकिलांचं काही बिघडलं नाही. जूनमध्ये शकुनला शाळेनं घेतलं नाही. तिचं लग्न जुळत आलं होतं, तेही मोडलं; नोकरी गेल्यामुळे की आणखी कशामुळे, कोण जाणे. मुन्शीजींच्या बायकोनं एकदा माझ्यापाशी डोळे पुसत म्हटलं, “कराचं तं पुरं कराचं, नाही तं कराचंच नाही. ह्यायनं दोन्हीकडून घालवलं.” गावानं आपला कागद पुढे भंडाऱ्याच्या एका माणसाकडून लिहून घेतला. दावा आणखी तीन वर्षं चालला आणि तुडूम परत उघडलं. त्या दिवशी गावात जेवण होतं. मुन्शीजींना बोलावणं नव्हतं.

त्यांचं डेस्क काही दिवस शेडखाली रिकामं होतं. मग एक दिवस शकुन आली आणि डोक्यावर घेऊन गेली.

मी त्यांच्या गावी गेले ती बऱ्याच वर्षांनी, ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा. यजमानांची गोंदियाकडे बदली झाली होती. साकोली सोडायच्या आधी मला एकदा जाऊन यायचंच होतं. थंडीचे दिवस होते. मुन्शीजी अंगणात बसून सुपात लाखोळीची डाळ निवडत होते. टोपी नव्हती. कानामागचे केस पांढरे स्वच्छ. शकुनला जिल्हा परिषदेच्या शाळेत जागा मिळाली होती, तिकडेच ती संसाराला लागली होती, हे त्यांनी आपणहून सांगितलं. माझ्या मुलांची चौकशी केली. मशीन चांगलं चालतं का, विचारलं. चहा झाला. तरी मला ते बोलता येईना. शेवटी जायला उठले तेव्हा एकदम तोंडातून निघालं.

“बाबूजी, मला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता.”

सुपातलं बोट थांबलं नाही. “मले माहीत आहे ना.”

“मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. टाइप करतानाच.”

“हाव. पाहिजे होतं.”

मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे, तुझा काय दोष. एक खडा काढून त्यांनी अंगणात टाकला.

“आता सांगून काय करून राहिली, कमलबाई?”

“मन हलकं होईल म्हणून.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. रागानं नाही. “हलकं नोको होऊ देऊ. मीही होऊ देलं नाही.”

मग सूप बाजूला ठेवून उठले. मी नको नको म्हणत असताना मला सोडायला सडकेपर्यंत आले. वाटेत धानाच्या कापलेल्या बांध्या होत्या. ते पुढे, मी मागे. साकोलीकडे जाणारी एस.टी. आली, तिला त्यांनी हात दाखवला, आणि मी पायरी चढले तसे लगेच वळले. बस सुटेपर्यंत थांबले नाहीत.

मी खिडकीशी बसले. कंडक्टर कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होता म्हणून बस थोडी रेंगाळली. मुन्शीजी धुऱ्यावरून परत चालले होते, हात पाठीमागे, चाल झपझप. पलीकडच्या बांधीतून एका माणसानं त्यांना हाक मारली आणि काहीतरी विचारलं. ते थांबले. वळून त्यांनी काही उत्तर दिलं आणि दोघं मोठ्यानं हसले. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. काय बोलले ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी खिडकीतून मान बाहेर काढली, पण तेवढ्यात घंटी झाली आणि बस निघाली.